रसिकांचा वाद आणि समीक्षेचे निकष : थ्रॅश मेटल संगीताच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

कलासमीक्षेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः ग्रंथ, नियतकालिके आणि विद्यापीठीय चर्चासत्रे यांच्याकडे जाते. रसिक आपापसांत जे वाद घालतात, त्यांना मात्र समीक्षेचा दर्जा सहसा दिला जात नाही. 'आवडीनिवडीचा प्रश्न' म्हणून ते बाजूला सारले जातात. वस्तुतः कोणता कलावंत श्रेष्ठ, कोणती कलाकृती अधिक टिकाऊ, कोणाचा ऱ्हास केव्हा सुरू झाला, या प्रश्नांवर सर्वाधिक कळकळीने बोलणारा वर्ग रसिकांचाच असतो. या वादांमध्ये निकष असतात काय, आणि असल्यास ते कितपत टिकणारे आहेत, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी येथे मुद्दाम असे उदाहरण घेतले आहे की ज्याला सुशिक्षित समाजात 'गोंगाट' म्हणून संबोधले जाते. ते म्हणजे १९८० च्या दशकात अमेरिकेत उदयास आलेले थ्रॅश मेटल संगीत.

हे उदाहरण खानदेशातील प्राध्यापकवर्गाला दूरचे वाटण्याची शक्यता आहे. परंतु विद्यापीठाच्या 'युवारंग'सारख्या युवक महोत्सवांत पाश्चात्य गायन-वादनाचे कलाप्रकार असतात आणि संघ व्यवस्थापक, परीक्षक किंवा श्रोते या नात्याने जळगाव, धुळे येथील प्राध्यापकांचा त्यांच्याशी संबंध येतो. विद्यार्थ्याच्या हातात इलेक्ट्रिक गिटार असते, आणि समोर बसलेल्या जाणकाराकडे तिचे मोल ठरविण्याचे माप नसते. हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. अपरिचित कलेचा न्याय कसा करावा, हा समीक्षेचा मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे.

२. वादाची परंपरा : 'संयुक्त मानापमान'

रसिकांचे तट पडणे ही गोष्ट मराठी सांस्कृतिक जीवनाला नवीन नाही. तमाशातील कलगी-तुऱ्याचा झगडा हे त्याचे जुने उदाहरण होय. शक्तीला श्रेष्ठ मानणारा कलगीपक्ष आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा तुरापक्ष यांच्या सवाल-जवाबांत श्रोते तटस्थ राहत नसत. खानदेशातील यात्रांमध्ये तमाशाचे फड उतरले की कोणाची गौळण सरस आणि कोणाचा वग सरस, याची चर्चा यात्रा उठल्यावरही पारावर चालू राहते.

संगीत रंगभूमीवरील याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांमधील स्पर्धा. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व यांचे संगीताचे आरंभीचे शिक्षण जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याकडे झाले. जळगावचे बालगंधर्व खुले नाट्यगृह आणि तेथील बालगंधर्व संगीत महोत्सव हे या नात्याचे स्मरण जागते ठेवतात. एका बाजूला बालगंधर्वांचे लडिवाळ, शब्दाला कुरवाळणारे गायन आणि दुसऱ्या बाजूला केशवरावांचा चढा, पल्लेदार व आक्रमक आवाज, अशी ही दोन टोके होती. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव धैर्यधराच्या भूमिकेत एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. 'त्या रात्री कोण जिंकले?' हा प्रश्न मात्र पुढे अनेक दशके चर्चिला गेला.

या वादातून दोन भिन्न सौंदर्यकल्पना स्पष्ट झाल्या, हे त्याचे खरे फलित होय. माधुर्य श्रेष्ठ की तडफ श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर शोधताना रसिकांना स्वतःच्या आवडीची कारणे द्यावी लागली. जेथे कारणे द्यावी लागतात, तेथे समीक्षेचा आरंभ होतो.

३. थ्रॅश मेटल : स्वरूप आणि पार्श्वभूमी

थ्रॅश मेटल हे हेवी मेटल या रॉक संगीताच्या शाखेतून निघालेले द्रुतगती संगीत होय. ब्रिटिश हेवी मेटलमधील स्वररचना आणि पंक संगीतातील वेग व रोखठोकपणा यांचा संकर त्यात आढळतो. 'रिफ' हे त्याचे मूलद्रव्य आहे. रिफ म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा वाजणारा छोटा स्वरलयबंध. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून नाद दाबला जातो, त्यामुळे स्वर लांबत नाही, तो तुटक आणि ठसठशीत ऐकू येतो. त्याखाली वादक दोन्ही पायांनी मोठे ड्रम वाजवितो. अनेक रचनांची गती मिनिटाला २०० मात्रांच्या पुढे जाते. गायन सुरेल असण्यापेक्षा उच्चारप्रधान असते. भारतीय श्रोत्याच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे रागविस्ताराला स्थान नाही. सारा भर लयबंधांच्या मांडणीवर आहे.

'थ्रॅश' ही संज्ञा १९८४ मध्ये 'केरँग!' या ब्रिटिश नियतकालिकात माल्कम डोम यांनी अँथ्रॅक्सच्या एका गीताविषयी लिहिताना वापरली, असे मानले जाते. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स या चार वाद्यवृंदांना पुढे 'बिग फोर' असे नाव पडले. यांपैकी पहिले तीन लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झाले. मेटॅलिका १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात गेले. अँथ्रॅक्स न्यूयॉर्कचे. विषय होते अणुयुद्धाची भीती, व्यसन, न्यायव्यवस्थेतील भ्रष्टाचार, युद्धात जाणारे तरुणांचे बळी आणि मृत्यू. शीतयुद्धाच्या अखेरच्या दशकातील अस्वस्थता त्यात उमटलेली आहे.

भारतात हे संगीत प्रथम कॅसेटच्या मार्गाने पसरले. मुंबईत १९८६ पासून सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाने आणि १९९३ मध्ये अलाहाबादहून निघू लागलेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल' या नियतकालिकाने त्याच्या रसिकांना व्यासपीठ दिले. असे नियतकालिक महानगरातून न निघता अलाहाबादसारख्या शहरातून निघावे, ही बाब मध्यम शहरांतील रसिकांच्या भुकेची निदर्शक आहे. पुढे मेगाडेथ २००८ मध्ये, मेटॅलिका २०११ मध्ये आणि स्लेयर २०१२ मध्ये बंगळूरला येऊन गेले. महाराष्ट्रातील चाहत्यांना त्यासाठी राज्याबाहेर जावे लागले.

४. वादातील पाच निकष

थ्रॅशच्या रसिकांमध्ये चालणाऱ्या वादांचे विश्लेषण केल्यास त्यात प्रामुख्याने पाच निकष आढळतात.

(अ) आद्यत्व : प्रथम कोणी केले, हा पहिला प्रश्न होय. मेटॅलिकाचा 'किल एम ऑल' हा संग्रह जुलै १९८३ मध्ये, तर स्लेयरचा 'शो नो मर्सी' त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. मात्र एक्सोडसचे समर्थक येथे हरकत घेतात. हा वाद्यवृंद १९७९ पासून अस्तित्वात होता. मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट मूळचा एक्सोडसचा. 'बाँडेड बाय ब्लड' हा त्यांचा संग्रह १९८४ मध्ये ध्वनिमुद्रित होऊनही १९८५ मध्ये बाहेर आला. तो वेळेवर आला असता तर चौघांच्या यादीत पाचवे नाव असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दुसरीकडे मेगाडेथचा संस्थापक डेव्ह मस्टेन याला एप्रिल १९८३ मध्ये मेटॅलिकातून काढण्यात आले होते. तरीही 'किल एम ऑल'मधील चार रचनांवर त्याचे नाव आहे. आद्यत्वाचा निकष इतिहासलेखनाला उपयुक्त आहे, परंतु तो गुणवत्तेचा निकष नव्हे. पहिले असणे आणि श्रेष्ठ असणे या दोन गोष्टींची गल्लत मराठीतील 'पहिली कादंबरी कोणती' यासारख्या वादांतही होत आली आहे.

(आ) गती : 'अधिक वेगवान ते अधिक श्रेष्ठ' अशी एक भूमिका आढळते. तिचा आदर्श म्हणजे स्लेयरचा 'रेन इन ब्लड' हा ७ ऑक्टोबर १९८६ रोजी प्रसिद्ध झालेला संग्रह. दहा रचना आणि एकूण वेळ सुमारे २९ मिनिटे. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तो संपूर्ण मावतो. परंतु खुद्द स्लेयरने १९८८ च्या 'साउथ ऑफ हेवन'मध्ये गती हेतुतः कमी केली. वेगाच्या टोकाला पोहोचल्यावर पुढचा मार्ग वेगाचा असू शकत नाही, ही जाण कलावंतांना चाहत्यांआधी आली, असे म्हणता येईल.

(इ) रचना : मेटॅलिकाचे समर्थक मुख्यतः येथे उभे राहतात. मार्च १९८६ मधील 'मास्टर ऑफ पपेट्स'ची शीर्षकरचना सुमारे साडेआठ मिनिटांची आहे. व्यसन हा तिचा विषय. द्रुत रिफच्या माऱ्यानंतर मध्यभागी सारा गोंगाट थांबतो आणि दोन गिटारींचे संथ, करुण स्वर ऐकू येतात. त्यानंतर रचना पुन्हा जड पावलांनी मूळ वेगाकडे परतते. व्यसनाधीन माणसाला क्षणभर मिळणारी शांतता आणि त्यानंतरची पुन्हा ओढ, हा अर्थ येथे शब्दांपेक्षा रचनेतून अधिक प्रतीत होतो.

(ई) कारागिरी : मेगाडेथच्या १९९० मधील 'रस्ट इन पीस'कडे या निकषावर बोट दाखविले जाते. मार्टी फ्रीडमन आणि मस्टेन यांच्या गिटारवादनातील अवघड वळणे वादकांना आजही आव्हान देतात. मात्र कारागिरी हे साधन आहे. शास्त्रीय संगीतात तयारी आणि गाणे यांत भेद केला जातो, तोच येथेही लागू पडतो.

(उ) निष्ठा : सर्वांत कडवट वाद याच मुद्द्यावर होतात. ऑगस्ट १९९१ मध्ये मेटॅलिकाने स्वतःच्याच नावाचा संग्रह काढला. गती मंदावली, रचना आखूड झाल्या, आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. 'हे विकले गेले' असा आरोप जुन्या चाहत्यांनी केला, तो आजही केला जातो.

५. मर्ढेकरांचे निकष आणि थ्रॅश

या निकषांना शास्त्रीय आधार शोधावयाचा झाल्यास बा. सी. मर्ढेकरांकडे वळणे उचित ठरेल. १९०९ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे जन्मलेल्या मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' व 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथांतून जी सौंदर्यमीमांसा मांडली, तिच्या केंद्रस्थानी लयतत्त्व आहे. संवादलय, विरोधलय आणि समतोललय या तीन नियमांनी कलाकृतीतील घटकांची संघटना होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या दृष्टीने पाहता रसिकांच्या वादातील दोन तट स्पष्ट होतात. 'रेन इन ब्लड' संवादलयीच्या बाजूला झुकतो. त्यातील घटक परस्परांशी इतके सदृश आहेत की सर्व रचना मिळून एकच दीर्घ झंझावात वाटतो. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये विरोधलय प्रधान आहे, द्रुत-संथ, दबलेला नाद-मोकळा नाद, कर्कशता-माधुर्य अशा द्वंद्वांवर ती उभी आहे. समतोललय, म्हणजे भिन्न घटकांना तोलून धरणारी संघटना, येथे शेवटच्या भागात साधली जाते. पहिल्या अर्ध्यातील मारा ज्या वजनाचा, त्याच वजनाचे मधले कारुण्य आहे, म्हणून परतणारा वेग केवळ पुनरुक्ती न वाटता परिणती वाटतो. 'स्लेयर की मेटॅलिका' हा वाद म्हणूनच निरर्थक नाही. तो एकात्मता श्रेष्ठ की वैविध्यातील तोल श्रेष्ठ, हा जुना सौंदर्यशास्त्रीय वाद आहे. एकरस तीव्रता मोठी असली तरी तिची परिसीमा लवकर येते, तर विरोधातून साधलेला तोल कलाकृतीला अधिक वेळा ऐकण्याजोगी करतो. या निकषावर 'मास्टर ऑफ पपेट्स'चे पारडे जड मानावे लागते. मात्र संपूर्ण संग्रहाच्या घट्टपणाच्या दृष्टीने 'रेन इन ब्लड'ची सर त्या दशकातील फारच थोड्या संग्रहांना येते, हेही मान्य केले पाहिजे.

निष्ठेच्या वादालाही मर्ढेकरांच्या 'आत्मनिष्ठा' या संकल्पनेमुळे नवे वळण मिळते. आत्मनिष्ठा म्हणजे कलावंताच्या खाजगी चारित्र्याचा दाखला नव्हे, स्वतःच्या अनुभवाशी त्याने लेखनात राखलेले इमान होय. चाहते मात्र निष्ठा मोजताना शैलीशी, समूहाशी आणि गरिबीशी असलेली निष्ठा मोजतात. कलावंताने पूर्वीप्रमाणेच वाजवावे, ही अपेक्षा आत्मनिष्ठेच्या नेमकी विरुद्ध जाऊ शकते. १९९१ च्या संग्रहावर खरा आक्षेप घ्यावयाचा असेल तर तो 'खप झाला' असा नसून 'काही रचनांत विरोधलय नाहीशी होऊन सुबक एकसुरीपणा आला' असा असावयास हवा. पहिला आक्षेप मत्सराचा आहे, दुसरा समीक्षेचा.

६. निकषांच्या मर्यादा

रूपवादी निकषांनी सर्व प्रश्न सुटतात असे मात्र नाही. 'रेन इन ब्लड'मधील पहिली रचना औशवित्झच्या छळछावणीतील डॉक्टर योझेफ मेंगेले याच्या अमानुष प्रयोगांविषयी आहे. कोलंबिया या कंपनीने त्या संग्रहाच्या वितरणास नकार दिला होता. नंतर गेफन कंपनीने ते काम स्वीकारले. रचनेत क्रौर्याचे वर्णन आहे, परंतु त्याविषयी निवाडा नाही. भयाचे थंड वर्णन हाच निषेध, असा बचाव चाहते करतात. हा बचाव सर्वस्वी पोकळ नाही, कारण भयानक आणि बीभत्स यांना भारतीय रसव्यवस्थेतही स्थान आहे. तरीही ज्या घटनेचे बळी आणि त्यांचे वारस हयात होते, तिला केवळ तीव्रतेचे इंधन म्हणून वापरणे कितपत योग्य, हा प्रश्न लयतत्त्वाने सुटत नाही. रसिकांच्या वादात तो बहुधा टाळला जातो, ही त्या वादाची मोठी उणीव आहे.

दुसरी मर्यादा स्थळाची. 'बिग फोर' ही यादी अमेरिकन लोकप्रियतेवर उभी आहे. जर्मनीच्या ऱ्हूर या कोळसा-पोलाद पट्ट्यातील एसेनचा क्रिएटर आणि गेल्सेनकिर्खेनचा सोडोम, तसेच ब्राझीलमधील बेलो होरिझोन्तेचा सेपुल्तुरा हे तिच्याबाहेर राहतात. सेपुल्तुराने १९९६ च्या 'रूट्स'मध्ये झवान्ते या आदिवासी समाजाच्या गायनाला सोबत घेतले. केंद्राकडून आलेला प्रकार परिघावरच्या कलावंताने स्वतःच्या मातीत कसा रुजवावा, याचे हे उदाहरण होय. अहिराणी बोलीत लिहिणाऱ्या खानदेशातील साहित्यिकांना हा प्रश्न अपरिचित नाही. कोणत्याही क्षेत्रातील 'चार थोर' कोणी ठरविले, कोठे बसून ठरविले, हे विचारल्याशिवाय ती यादी स्वीकारता येत नाही. या याद्यांत स्त्री कलावंतांचे नाव जवळजवळ आढळत नाही, हेही त्याच प्रश्नाचे एक अंग आहे.

७. एक रंगमंच

जून २०१० मध्ये चारही वाद्यवृंद प्रथमच एका महोत्सवात एकत्र आले. १६ जूनला वॉर्सा येथे आरंभ झाला आणि २२ जूनच्या सोफिया येथील कार्यक्रमाचे अनेक देशांतील चित्रपटगृहांत प्रक्षेपण झाले. सत्तावीस वर्षांपूर्वी काढून टाकलेला मस्टेन तेथे मेटॅलिकाच्या सोबत उभा राहून डायमंड हेड या ब्रिटिश वाद्यवृंदाची जुनी रचना वाजवीत होता. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून वाजविलेली ती रचना चौघांपैकी कोणाचीही नव्हती, दोघांच्याही आधीच्या पिढीची होती. 'संयुक्त मानापमान'च्या रात्रीशी याचे साम्य लक्षणीय आहे. दोन्ही प्रसंगी कलावंत एकत्र आले, आणि दोन्ही प्रसंगांनंतर रसिकांचा वाद संपला नाही. वाद हा कलावंतांमधील वैराचा नव्हताच. तो सौंदर्याच्या दोन कल्पनांचा होता, आणि अशा कल्पनांचा समेट कोणत्याही रंगमंचावर होत नसतो.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की थ्रॅशच्या रसिकांचे वाद हे केवळ आवडीनिवडीचे नाहीत. आद्यत्व, गती, रचना, कारागिरी आणि निष्ठा हे त्यांचे निकष असून त्यांपैकी रचनेचा निकष सर्वांत टिकाऊ आहे. निष्ठेचा निकष शुद्ध करून घेण्याची आवश्यकता आहे. आद्यत्व आणि कारागिरी यांचे स्थान दुय्यम आहे. गती ही घटकांपैकी एक, स्वयंमूल्य नव्हे. आशयाच्या नैतिकतेचा आणि केंद्र-परिघाचा प्रश्न या पाचांच्या बाहेर उरतो. तो समीक्षकाने उपस्थित करावयास हवा, कारण चाहता तो सहसा करीत नाही.

यातून परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्राध्यापकासाठीही काही निष्पन्न होते. अपरिचित संगीत ऐकताना 'हे सुरेल आहे काय' या प्रश्नाऐवजी 'यातील घटक कोणत्या तत्त्वाने बांधले आहेत, आणि ते बांधणे साधले आहे काय' हा प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर देण्यासाठी त्या संगीताची आवड असण्याची अट नाही, परंतु ते पूर्ण ऐकण्याची अट आहे. विद्यार्थी आपल्या आवडत्या वाद्यवृंदाची बाजू ज्या तपशिलाने मांडतो, तो तपशील कवितेच्या तासाला त्याच्याकडून मिळत नाही, ही अनेक वर्गांतील वस्तुस्थिती आहे. त्याच्यापाशी समीक्षेची वृत्ती आहे, परिभाषा नाही. प्राध्यापकापाशी परिभाषा आहे, पण ती या कलेला कधी लावून पाहिलेली नाही. फैजपूरला जन्मलेल्या एका कवीने दिलेली परिभाषा सॅन फ्रान्सिस्कोच्या संगीतालाही लागू पडते, आणि कोठे अपुरी पडते तेही दाखवून देते. तिचा असा वापर होणे हीच तिच्या जिवंतपणाची खूण होय.